ठाण्याचा किल्ला : न चाललेल्या खटल्याची साक्ष



वसईचे नाव घेतले की आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे येथील किल्ला उभा राहतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, हे आपली मुले प्राथमिक शाळेतच शिकतात. पुढे इयत्ता वाढली की ‘वसईचा तह’ हे आणखी एक प्रकरण येते. परीक्षेच्या दृष्टीने सन पाठ केले जाते, चार कलमे पाठ केली जातात आणि पेपर झाला की ती विसरलीही जातात. परंतु या तहाच्या एका कलमाचा धागा हाती धरून निघाले, तर तो वसईहून बडोद्याला, बडोद्याहून पुण्याला, पुण्याहून पंढरपूरच्या एका अंधाऱ्या रस्त्यावर आणि तेथून ठाण्याच्या किल्ल्यातील एका कोठडीत आपल्याला नेऊन सोडतो. प्रस्तुत लेखात आपण याच धाग्याचा मागोवा घेणार आहोत.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत आपला वसई तालुका ठाणे जिल्ह्यातच होता आणि जिल्ह्याच्या कामासाठी आपल्या वडीलधाऱ्यांना ठाण्याच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागत. त्यांच्यापैकी कित्येकांनी कोर्ट नाक्याकडून कळव्याच्या दिशेने जाताना खाडीच्या बाजूस असलेल्या उंच, जाडजूड, काळ्या दगडी तटाकडे नजर टाकली असेल. ‘ठाण्याचा तुरुंग’ एवढे म्हणून आपण पुढे जातो. वास्तविक हा तुरुंग म्हणजे एक जुना किल्ला आहे.

इमारतीची ओळख

ठाणे हे आज महानगर झाले आहे. परंतु अठराव्या शतकात ते साष्टी बेटाच्या टोकाशी वसलेले, खाडीच्या काठचे एक लहानसे गाव होते. हे गाव ज्याच्या हाती, त्याच्या हाती साष्टीची किल्ली, अशी त्याची जागा होती. मराठ्यांची स्वारी येणार हे ओळखून पोर्तुगीजांनी १७३० नंतरच्या दशकात येथे किल्ला बांधावयास घेतला. बांधकाम पुरे होण्याच्या आतच, १७३७ साली, मराठ्यांनी ठाणे घेतले. वसईची मोठी मोहीम तेथूनच सुरू झाली. पुढे सदतीस वर्षांनी, डिसेंबर १७७४ मध्ये, इंग्रजांनी हल्ला करून हा किल्ला जिंकला. त्या वेढ्यात त्यांचा नौदल अधिकारी कमोडोर वॉटसन प्राणास मुकला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची इंग्रजांकडे राहिली आणि किल्लाही त्यांच्याच ताब्यात राहिला.

पोर्तुगीजांनी पाया घातलेला, मराठ्यांनी जिंकलेला आणि इंग्रजांनी बळकावलेला असा हा किल्ला होय. १८१५ साली त्यात एक कैदी आणला गेला. त्याच्यावर खुनाचा कट केल्याचा आरोप होता. कैद्याचे नाव त्रिंबकजी डेंगळे आणि ज्यांचा खून झाला त्यांचे नाव गंगाधरशास्त्री पटवर्धन.

वसईच्या तहातील एक कलम

ही हकिगत समजण्यासाठी आपल्याला पुन्हा वसईला यावे लागेल. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे दुसरे बाजीराव आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून कोकणात महाडकडे पळाले आणि अखेर इंग्रजांच्या जहाजाच्या आसऱ्याने वसईस येऊन पोहोचले. येथेच ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. इंग्रजांच्या सहा पलटणी आपल्या राज्यात कायमच्या ठेवून घेणे आणि त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देणे, ही त्यातील ठळक कलमे आपल्याला ठाऊक आहेत.

परंतु त्याच तहात आणखी एक गोष्ट होती. पेशवे आणि बडोद्याचे गायकवाड यांच्यात देण्याघेण्याचे जे तंटे असतील त्यांत इंग्रजांनी मध्यस्थ व्हावे, असे पेशव्यांनी मान्य केले होते. घरातल्या भांडणाचा निवाडा शेजाऱ्याच्या हाती सोपवावा तसाच हा प्रकार. सही करताना हे कलम किरकोळ वाटले असेल. बारा वर्षांनी त्याचीच मोठी किंमत मोजावी लागली.

अहमदाबादच्या सुभ्यातील पेशव्यांचा हिस्सा गायकवाडांकडे इजाऱ्याने होता. इजाऱ्याची मुदत १८१४ साली संपली. पेशवे तो पुन्हा देण्यास तयार नव्हते, शिवाय मागील थकबाकीचा मोठा हिशेब पडून होता. हा वाद मिटविण्यासाठी गायकवाडांचे वकील म्हणून गंगाधरशास्त्री १८१४ साली पुण्यास आले. त्यांच्या जिवाची आणि सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी दिली होती. पुढील सर्व घटनांचे वजन या हमीवर आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

शास्त्री आणि त्रिंबकजी

गंगाधरशास्त्री हे हुशार, कारभारात मुरलेले आणि बोलण्यात धारदार गृहस्थ होते. पूर्वी ते पुण्याच्याच वातावरणात होते. नंतर बडोद्यास मेजर वॉकरच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि इंग्रजांच्या पाठबळाने तेथे ते फार वरच्या जागेवर चढले. त्यामुळे बडोद्यातच त्यांचे शत्रू निर्माण झाले. अधिकारावरून दूर झालेला सीताराम रावजी हा त्यांतील प्रमुख. शास्त्री पुण्यात असताना सीतारामची माणसेही पुण्यात येऊन पेशव्यांच्या दरबारी खटपट करीत होती.

त्रिंबकजी डेंगळे यांचे आयुष्य याहून निराळ्या वाटेने वर आले होते. संगमनेरजवळच्या निमगाव जाळी गावच्या डेंगळे घराण्यातला हा माणूस प्रथम जासूद म्हणून चाकरीस होता. बाजीराव १८०२ मध्ये महाडास असताना त्रिंबकजीने पुण्यास पत्र पोहोचवून अतिशय थोड्या वेळात उत्तर आणून दिले आणि तेव्हापासून तो धन्याच्या नजरेत भरला, असे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. पुढे पेशव्यांचा सर्वाधिक विश्वास त्याच्यावर बसला. १८१४ साली अहमदाबादची सरसुभेदारीही त्याच्याकडेच आली. इंग्रजांचे वर्चस्व झुगारून द्यावे असे पेशव्यांना सुचविणारा माणूस म्हणून पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्याच्याकडे पाहत असे.

शास्त्री आणि त्रिंबकजी यांचे आरंभी वैर नव्हते. उलट सलोखा एवढा वाढला की पेशव्यांची मेहुणी शास्त्र्यांच्या मुलास द्यावी असे ठरले आणि नाशिकला लग्नाची तयारी सुरू झाली. परंतु शास्त्र्यांनी सुचविलेल्या तडजोडीस बडोद्याहून मान्यता येईना. मग शास्त्र्यांनी लग्न लांबणीवर टाकले. त्यांच्या पत्नीने पेशव्यांच्या वाड्यात जावे, हेही त्यांनी होऊ दिले नाही. मोठ्यांच्या घरी असा अपमान लवकर विसरला जात नाही. तरीही वरकरणी स्नेह राहिला आणि पेशवे आषाढीसाठी पंढरपूरला निघाले तेव्हा शास्त्रीही बरोबर निघाले. त्या वेळी एल्फिन्स्टन वेरूळची लेणी पाहण्यास गेला होता.

पंढरपूरची रात्र

जुलै १८१५. आषाढाचे दिवस आणि यात्रेची गर्दी. त्या दिवशी शास्त्र्यांच्या अंगात थोडा ताप होता. संध्याकाळी त्रिंबकजीकडून निरोप आला की देवळात दर्शनास यावे. शास्त्र्यांनी प्रकृतीचे कारण सांगितले. पुन्हा निरोप आला, गर्दी कमी झाली आहे, थोडीच माणसे घेऊन यावे. एकदा नाही म्हटले, दुसऱ्यांदा नाही म्हटले, पण शेवटी भीड पडली आणि शास्त्री मोजक्या सोबत्यांसह देवळात गेले. दर्शन झाले, बडव्यांशी दोन शब्द झाले आणि ते परत निघाले. वाटेत पाठीमागून काही माणसे धावत आली आणि त्यांनी तलवारींनी शास्त्र्यांना तोडून टाकले.

देवदर्शनाहून परतणारा यात्रेकरू, तोही दुसऱ्या राज्याचा वकील, तोही अभय दिलेला. असा खून कोणत्याही धर्मात आणि कोणत्याही राजनीतीत क्षम्य ठरत नाही. त्यामुळे बातमी पसरताच सर्वत्र खळबळ उडाली. शास्त्र्यांच्या माणसांनी तपासाची मागणी केली, परंतु तपास म्हणावा तसा झाला नाही.

आरोप आणि राजकारण

एल्फिन्स्टन लगबगीने पुण्यास परतला. त्याने माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि ऑगस्ट १८१५ मध्ये पेशव्यांकडे स्पष्ट मागणी केली, की त्रिंबकजी दोषी आहे, त्याला अटक करून आमच्या स्वाधीन करावे. या मागणीत एक चतुराई होती. पेशव्यांवर त्याने बोट ठेवले नाही, ते निरपराध आहेत असेच तो धरून चालला. धन्याला वाट मोकळी ठेवून चाकराला पकडावयाचे, असा हा डाव होता.

बाजीरावांनी शक्य तितकी टाळाटाळ केली. परंतु इंग्रजी फौजांची हालचाल सुरू झाली, तेव्हा त्रिंबकजीला कराडजवळच्या वसंतगडावर ठेवण्यात आले आणि अखेर सप्टेंबर १८१५ मध्ये तो इंग्रजांच्या हवाली झाला. सीतारामच्या पुण्यातील दोन हस्तकांनाही बडोद्याकडे पाठविण्यात आले. त्रिंबकजीची रवानगी झाली ती ठाण्याच्या किल्ल्यात.

विद्यार्थी मित्रहो, आता एक प्रश्न विचारा. आरोप झाला, अटक झाली, कैद झाली, मग खटला कधी झाला? कोणत्या न्यायाधीशापुढे साक्षी झाल्या? आरोपीने साक्षीदारांना कोणते प्रश्न विचारले? या प्रश्नांचे उत्तर एकच आहे. खटला झालाच नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही कधी नाही.

तुरुंगाची भिंत आणि मोतद्दाराचे गाणे

त्रिंबकजी कसबी माणूस आहे, देशी शिपायांना फितवील, या भीतीने इंग्रजांनी त्याच्यावरील पहाऱ्यासाठी मुद्दाम गोरे शिपाई नेमले होते. बंदुका होत्या, तट होता, एका बाजूला खाडी होती. बंदोबस्तात काही उणे नव्हते असे त्यांना वाटत होते. उणे होते ते एकच, पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते.

किल्ल्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याकडे घोड्याची निगा राखणारा एक मराठा मोतद्दार होता. तो रोज धन्याचा घोडा फिरवीत त्रिंबकजीच्या खिडकीखालून ये-जा करी आणि फिरविताना सहज गुणगुणल्यासारखी गाणी म्हणे. पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायांना वाटे, नोकर माणूस काम करताना गातो आहे. प्रत्यक्षात त्या गाण्यांतून बाहेरचे निरोप आत पोहोचत होते. कोणी काही लपवीत नव्हते, सारे उघड्यावर आणि मोठ्याने चालले होते. परंतु ज्याला भाषा येत नाही त्याच्यापुढे उघडी गोष्टही कुलपात असल्यासारखीच राहते.

१२ सप्टेंबर १८१६ ची पावसाळी रात्र उजाडली ती त्रिंबकजीच्या सुटकेसाठीच. शौचाच्या निमित्ताने तो बाहेर आला. शौचकूपाच्या भिंतीला आधीच भोक पाडलेले होते आणि पलीकडे तबेला होता. त्या वाटेने तो अंधारात नाहीसा झाला, खाडी ओलांडून मुख्य भूमीवर पोहोचला आणि तेथून घाटाकडे निघून गेला. पहारेकऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत पक्षी उडून गेला होता.

या हकिगतीने इंग्रजांच्या मनावर किती परिणाम केला ते पाहा. आठ वर्षांनी, १८२४ साली, कलकत्त्याचे बिशप हीबर उत्तर हिंदुस्थानात फिरत असताना त्यांनी चुनारच्या किल्ल्यात त्रिंबकजीला पाहिले आणि मोतद्दाराच्या गाण्याची गोष्ट आपल्या प्रवासवृत्तात नोंदविली. गाण्याचा आशय त्यांनी इंग्रजी पद्यात बसविला. त्यामुळे इंग्रज वाचकांत ही गोष्ट एखाद्या अद्भुत कथेसारखी पसरली. पुढच्याच वर्षी, १८२५ मध्ये, हेच हीबर ठाण्यास आले आणि तुरुंगापासून जवळच असलेल्या सेंट जेम्स चर्चचे त्यांनी विधिपूर्वक उद्घाटन केले. ज्या खिडकीची गोष्ट त्यांनी लिहिली, ती खिडकी ज्या तटाआड होती त्या तटाजवळूनच ते गेले असतील.

पालकांनी येथे क्षणभर थांबावे. आपली मुले कोणत्या माध्यमातून शिकावीत, घरी कोणती भाषा बोलावी, असे प्रश्न आपल्या घरांत नेहमी चर्चिले जातात. आपण ज्या मातीत राहतो तेथील लोकांची भाषा ज्याला नीट कळते, त्याला आजूबाजूला काय चालले आहे ते कळते. ठाण्याच्या पहारेकऱ्यांजवळ सर्व शस्त्रे होती आणि हे एक शस्त्र नव्हते, म्हणून त्यांचा कैदी त्यांच्या डोळ्यांदेखत निसटला.

पुढे काय झाले?

त्रिंबकजी सुटला आणि डोंगरांच्या आश्रयाने त्याने माणसे जमविण्यास सुरुवात केली. शंभू महादेवाच्या डोंगरांत घोडेस्वार गोळा होत आहेत, रामोशी आणि भिल्ल त्याला मिळत आहेत, अशा बातम्या १८१७ च्या आरंभी पुण्यास येऊ लागल्या. पेशव्यांची त्याला आतून मदत आहे असा एल्फिन्स्टनचा आरोप होता. मे १८१७ मध्ये त्याने निर्वाणीची मागणी केली, की एक महिन्यात त्रिंबकजीला हजर करावे आणि तोवर सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले जामीन म्हणून द्यावेत. त्रिंबकजीला पकडून देणाऱ्यास दोन लाख रुपयांचे बक्षीस पेशव्यांना स्वतः जाहीर करावे लागले.

त्यानंतर १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला. त्यात त्रिंबकजी हाच शास्त्र्यांचा खुनी आहे असे पेशव्यांकडून लिहवून घेण्यात आले. एवढेच असते तर ते एका खुनाच्या प्रकरणाचा शेवट ठरले असते. परंतु त्याच तहात मराठी राजमंडळाचे प्रमुखपण पेशव्यांनी सोडले आणि गायकवाडांवरील जुने सारे दावे वर्षाला चार लाख रुपयांवर मिटविले. ज्या हिशेबासाठी शास्त्री पुण्यास आले होते, तो हिशेब त्यांच्या मृत्यूनंतर अशा रीतीने पुरा झाला.

नंतरचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. ३ जून १८१८ रोजी बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले आणि आठ लाख रुपयांच्या सालिना नेमणुकीवर गंगाकाठी बिठूरला जाऊन राहिले. त्याच जूनच्या अखेरीस नाशिकच्या बाजूला अहेरगाव येथे कॅप्टन स्वॉन्स्टनने त्रिंबकजीला पकडले. त्याला पुन्हा ठाण्यास आणले गेले आणि तेथून दूर, काशीजवळच्या चुनार किल्ल्यात धाडले. तेथे मात्र कोणी गाणे म्हणत खिडकीखालून गेले नाही. १८२९ साली त्याच कैदेत त्याचा अंत झाला.

दोषी कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शास्त्र्यांना कोणी मारविले?

त्रिंबकजीच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी लहान नाहीत. आजारी माणसाला पुन्हा पुन्हा बोलावणारा तोच होता. थोडी माणसे घेऊन यावे हा निरोपही त्याच्याकडूनच आला. एवढा मोठा खून होऊनही अधिकार हाती असताना त्याने मारेकरी शोधून काढले नाहीत. लग्न मोडल्याचा राग दरबारात होता. या सर्व गोष्टी एकत्र ठेवल्या की संशयाची सुई आपोआप त्याच्याकडे वळते.

परंतु दुसऱ्या पारड्यातही काही आहे. शास्त्र्यांचे प्राण जाण्यात बडोद्याच्या सीतारामचे उघड हित होते आणि त्याची माणसे पुण्यात वावरत होती. त्रिंबकजीविरुद्धची माहिती ज्या रेसिडेंटने गोळा केली, तोच त्याचा राजकीय विरोधक होता. फिर्यादी, तपास करणारा आणि निवाडा देणारा असे तिन्ही एकाच कचेरीत बसले होते. तहात लिहून दिलेली कबुलीही घ्या. ती आरोपीची नव्हती, त्याच्या धन्याची होती, आणि धन्याने ती तोफांच्या छायेत दिली होती. अशा कागदाला राजकारणात मोल असते, पण पुरावा म्हणून तो फार हलका ठरतो. म्हणूनच या प्रश्नावर इतिहासकारांचे आजही एकमत झालेले नाही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. खटला न झाल्याने अन्याय केवळ आरोपीवर होतो असा आपला समज असतो. खरे पाहता तो मृतावरही होतो. गंगाधरशास्त्र्यांच्या घरच्या माणसांना आपल्या माणसाला कोणी मारले हे भर दरबारात, साक्षीपुराव्यानिशी ऐकण्याचा हक्क होता. तो त्यांना मिळाला नाही. त्यांच्या दुःखाचा उपयोग तह लिहिण्यासाठी झाला. त्रिंबकजी खरोखर दोषी असेल, तर त्याचा दोष सिद्ध झाला नाही, आणि निर्दोष असेल, तर खरे मारेकरी सुटले. दोन्ही बाजूंनी पराभव झाला तो न्यायाचा.

त्याच भिंतीआडचे पुढचे कैदी

त्रिंबकजी दुसऱ्यांदा पकडला गेला त्याच वर्षी, १८१८ मध्ये, कंपनी सरकारने बंगाल प्रांतात ‘तिसरे रेग्युलेशन’ नावाचा कायदा केला. खटला न चालविता एखाद्यास ‘राजकैदी’ म्हणून बेमुदत डांबण्याचा अधिकार सरकारला त्याने मिळाला. या कायद्याला पुढे शंभर वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. १९०७ साली लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना मंडालेस धाडण्यात आले ते याच कायद्याखाली. आपण एका कैद्याची गोष्ट वाचत आहोत असे वाटत असताना, ती हळूहळू साऱ्या देशाची गोष्ट कशी होत गेली ते यावरून ध्यानी येईल.

ठाण्याचा किल्लाही पुरता तुरुंग बनला. सह्याद्रीत सावकारशाही आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना १८४८ साली येथेच फाशी देण्यात आली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी वध झाला. त्या प्रकरणात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तीन तरुणांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तटाआड फासावर चढविण्यात आले. त्यांच्यावर निदान खटला तरी चालला. पण राज्य परक्यांचे असले की खटल्यालाही मर्यादा असतात, हे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर आपण जी राज्यघटना स्वीकारली तिच्या २१ व्या आणि २२ व्या अनुच्छेदांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. कायद्याने ठरविलेल्या रीतीवाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, अटकेचे कारण सांगितले पाहिजे, आपल्या पसंतीचा वकील घेऊ दिला पाहिजे, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला त्याच अनुच्छेदात अपवाद म्हणून जागा ठेवलेली आहे, हेही विद्यार्थ्यांनी वाचावे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ही वाक्ये कोरडी वाटतात. परंतु ज्यांनी ती लिहिली त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतः तुरुंग पाहिलेले होते आणि खटल्याविना कैद म्हणजे काय हे या देशाने शतकभर सोसलेले होते.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी घोडबंदरमार्गे ठाण्यास गेलात, तर हा तट बाहेरून अवश्य पाहा. आत जाता येणार नाही, कारण तेथे आजही मध्यवर्ती कारागृह आहे आणि आज तेथे असलेल्या माणसांपैकी कित्येक जण आपल्या खटल्याच्या निकालाची वाट पाहत असतात. जुन्या इमारती साधारणपणे रिकाम्या आणि मूक असतात. ही इमारत मात्र पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली तरी कामाला जुंपलेली आहे.

परत आल्यावर एक छोटा अभ्यास करून पाहा. एका कागदाच्या डाव्या बाजूस त्रिंबकजीविरुद्धच्या गोष्टी लिहा आणि उजव्या बाजूस त्याच्या बाजूच्या लिहा. प्रत्येकीपुढे ती कोणी सांगितली, केव्हा सांगितली आणि सांगणाऱ्याचे त्यात काय हित होते ते नोंदवा. निकाल देण्याची घाई करू नका. इतिहासाचा अभ्यास म्हणजे सनावळी पाठ करणे, ही समजूत या एका कागदाने दूर होईल.

आणि पालकहो, ही सवय केवळ इतिहासापुरती उपयोगाची नाही. गल्लीत एखादी चोरी होते, गावात एखादी अफवा उठते, आणि संध्याकाळपर्यंत कोणाचे तरी नाव घेतले जाऊ लागते. ‘सगळे म्हणतात’ हा पुरावा नव्हे. घरातील मूल जेव्हा विचारते की ‘कोणी पाहिले? तुम्हांला कसे कळले?’, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. तो उद्धटपणा नसून न्यायबुद्धीचा पहिला अंकुर आहे. ज्या समाजात अशी विचारणारी मुले घडतात, त्या समाजात निरपराध माणसाला खटल्याविना बोल लावणे कठीण जाते आणि अपराध्यालाही आरडाओरड्यात लपून राहणे कठीण जाते.

वसईत एका पेशव्याने घाईने सही केली, पंढरपुरात एका यात्रेकरूचा जीव गेला आणि ठाण्याच्या कोठडीत एक आरोप तसाच पडून राहिला. दोनशे वर्षे लोटली, त्या आरोपाचा निकाल लागलेला नाही. तो लावण्याचे काम आता आपल्या हाती नाही. परंतु आपल्या काळातले आरोप आपल्या डोळ्यांसमोर तसेच पडून राहू नयेत, एवढे पाहणे मात्र आपल्याच हाती आहे.